निरीक्षण: दिवस नववा

समुपदेशनाच्या पदविकेची सगळी पुस्तकं मी दोनदा वाचली होती. त्यामुळे बाबा गेल्यावर आईला सावरायला मी एकटी पुरेशी आहे, याबद्दल मला शंकाच नव्हती! शिवाय प्रकल्पासाठी एक व्यक्ती हवीच होती.

पद्धत सोपी. मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, समोरच्याचं म्हणणं त्यालाच परत ऐकवायचं.

"वांगी किडकी निघाली," आई म्हणाली.

"वांगी किडकी निघाल्याचं तुला वाईट वाटतंय."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मी वहीत लिहिलं: 'दीर्घ शांतता. आशादायक!'

चौथ्या दिवसापासून ती रोज दुपारी गच्चीवर जाऊ लागली. मी जिन्यात लपून पाहिलं. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं आणि डोक्यावर पदर घेतलेली आई आभाळाकडे हात करून बोलत होती! एकटीच! बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. आता हीसुद्धा?

नवव्या दिवशी ती कठड्यावर ओणवी झाली. मी वही फेकून धावले आणि तिच्या कमरेला अशी मिठी मारली, की दोघी वाळत घातलेल्या मिरच्यांत पडलो! पदरातून मोबाइल घरंगळला. त्यातून कामठ्याचा मनिराममामा ओरडत होता, "ताई! पोरीनं हात उचलला का?" तोच आवाज खालच्या गल्लीतूनही येत होता.

"तू रोज मामाशी बोलतेस?"

"मंग काय करू? खाली तू आयकून राहते!" आई धापा टाकत म्हणाली. "माझंच बोलणं मले परत सांगते, वहीत लिवते. बाप गेला तरी एक डाव रडली नाही. मले भेव लागते, हे पोरगी हातची जाते का काय!"

"मला वाटलं, तू उडी..."

"उडी? मी त मामा आला का, ते पाहून राहिली होती!"

तेव्हा मला रडू फुटलं. मिरच्यांमुळे, असं मी म्हणून पाहिलं. मामा पळतच वर आला.

"रडून राहिली न हे! आता काय करू, ताई?"

"काही नोको करू. बस इथं. रडू दे तिले."

प्रकल्प सरांनी परत पाठवला. पहिल्याच पानावर लाल शाईत: 'संमतीपत्र कुठे आहे?' मी कोरा नमुना घेऊन स्वयंपाकघरात गेले. आईनं सही केली आणि आणखी एक कागद मागितला.

"कशाला गं?"

"तू पण कर सही. मी का पाहत नव्हती तुले?"