बिनपत्त्याची गोळी

रक्तदाबाच्या गोळ्या एकवीस दिवस पाकिटात होत्या तशाच होत्या आणि बाबांचा वरचा आकडा एकशे ऐंशीला टेकला होता. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले, आईने डोळे पुसले. बाबा हलले नाहीत. पस्तीस वर्षं पोस्टमन म्हणून घरोघर फिरलेल्या माणसाचा आक्षेप साधा होता.

"गोळीवर पत्ता कुठाय? पोटात गेल्यावर उजवीकडे वळायचं की डावीकडे, तिला कोण सांगणार?"

शरीरातले रेणू एकमेकांशी काय करतात ते पडद्यावर हलवून दाखवणं हा मुलीचा पोटापाण्याचा धंदा. सध्या तिच्याकडे हीच फिल्म होती: गोळीचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा जाऊन बसतो. तिने लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. पडद्यावर नुसती खदखद चालली होती.

"यात गोळी कुठाय?"

"मागे आहे. पुढे पाणी आहे. पाण्याचे दोन लाख रेणू, बाबा. मोजून घातलेत."

"पाणी? मग ओलं का दिसत नाही?"

तिने पाणी लपवलं. आता मधोमध एक धिप्पाड प्रथिन आणि एक इवलीशी नारिंगी गोळी उरली. दोघंही लटलट कापत होती.

आई स्वयंपाकघरातून डोकावली. "अगं, थंडी भरलीय त्यांना."

"थंडी नाही गं. पाणी धक्के देतंय."

"कुठाय पाणी?"

"लपवलंय."

"म्हणजे मारणारे लपवलेस आणि मार खाणारे ठेवलेस."

मुलीने थरथर काढून टाकली. गोळी ऐटीत निघाली, एकदा वळली आणि थेट खाचेत जाऊन बसली. बाबा खुर्चीतून उठले.

"पकडली! हिला कुणीतरी आधीच पत्ता दिलाय. इतका सरळ तर मी स्वतःच्या घरीही कधी आलो नाही."

आईने याला मान हलवून दुजोरा दिला.

"असल्या बनवाबनवीवर माझा विश्वास नाही," बाबा म्हणाले. "आता तर मुळीच घेणार नाही." आणि पाकीट कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेलं.

मुलगी तीन दिवस लॅपटॉपवरून उठली नाही. तिने पाणी परत आणलं, पण धुक्यासारखं फिकट. गोळीला ज्यांचा धक्का लागणार तेवढेच रेणू ठळक केले. आजूबाजूला आणखी प्रथिनं आणली आणि त्यांना राखाडी रंग फासला. चौथ्या दिवशी बाबांना पुन्हा बसवलं.

गोळी निघाली, धक्का खाऊन मागे आली आणि भलत्याच प्रथिनाला जाऊन भिडली.

"चुकलं," बाबा म्हणाले. "शेजारी विचार, बाई."

पुन्हा धक्का.

"परत चुकलं! अहो, वाट द्या की तिला!"

नवव्या धक्क्याला गोळी गर्रकन फिरली, तिरपी झाली आणि खाचेत बसली. बाबांनी पडद्यावरच्या गोळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे हिला पत्ता माहीतच नाही?"

"नाही. धक्के खात फिरते. कधीतरी जुळतं."

"आणि तरी पोचते."

"पोचते."

बाबांनी चष्मा पुसला. स्टुलावर चढून पाकीट काढलं, एक गोळी तळहातावर घेतली, तिला "दमू नकोस" म्हणाले आणि गिळली. मग बूट घालायला बसले.

"आता कुठे निघालात?" आई.

"चालायला. आत तिला धक्के कोण देणार?"

चाला म्हणून डॉक्टरीणबाई पाच वर्षं कानीकपाळी ओरडत होत्या. मुलीने तोंड उघडलं. रेणूंच्या धक्क्यांचा आणि चालण्याचा काडीचाही संबंध नसतो, हे सांगणं तिच्या पेशाला धरून होतं. आईने तिचा दंड धरला.

"दोन लाख रेणू फिकट केलेस ना? एक वाक्य गिळ."

तिने गिळलं.

महिन्याभरात आकडा एकशे तीसवर आला. डॉक्टरीणबाईंनी मुलीचे आभार मानले, आईने गोळीचे. फिल्मही पहिल्या फटक्यात पास झाली; तपासणारे शास्त्रज्ञ म्हणाले, इतकं मोकळं आणि तरी खरं त्यांनी पाहिलं नव्हतं. मुलीला भरून आलं. तिने फिल्मच्या शेवटी येणाऱ्या आभारांच्या यादीत 'बाबा' असं घातलं आणि त्यांना नेऊन दाखवलं.

बाबांनी नऊच्या नऊ नावं वाचली.

"छान केलंस, पोरी. फक्त गर्दी फार आहे. बाकीची आठ जरा फिकट कर."