अढीतलं गरम पाणी

सदानंद मास्तरांनी आंब्याची रिकामी पेटी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि चोराचं घर ठोठावावं तशी तिला चारी बाजूंनी ठोठावली. पेटीत भाताचं गवत ठासून भरलं होतं. गवतात झाकणाचा स्टीलचा डबा आणि डब्यात ब्याण्णव अंशांचं गरम पाणी.

ही करामत नववीतल्या अक्षयाची. तीन तासांनी, म्हणजे दुपारी एक वाजता, पाणी किती अंशांवर उतरलेलं असेल तो आकडा तिने आधीच चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केला होता. आकडा जुळला तर पेटी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार. नाही जुळला तर अक्षया वर्गात आणि पेटी माळ्यावर.

मास्तरांचा संशय काही उगाच नव्हता. गेल्या साली याच शाळेची नारळाच्या सोडणांची, म्हणजे वरच्या जाड सालींची, 'उष्णतारोधक कुंडी' प्रदर्शनात भलतीच गाजली. चार तास झाले तरी पाणी वाफाळतंय! परीक्षकांनी कौतुकाने एक सोडण उपटलं, तर आत बाजारातला थर्मास, दुकानाच्या लेबलासकट. परतीच्या एस.टी.त मास्तर म्हणे तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसले होते, तेही उलटं. तेव्हापासून ते घरच्या नारळाकडेसुद्धा सरळ नजरेने बघत नाहीत. त्यात सत्यवतीबाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बजावलं होतं, "यंदा फसलात तर विज्ञान सोडा नि चित्रकला घ्या."

"आत थर्मास नाय मा गो?" मास्तरांनी विचारलं.

"हात घालून बघा, सर."

मास्तरांनी कोपरापर्यंत हात घातला. गवत, गवत आणि डबा. मग डब्यातही काही लपवलेलं असेल म्हणून त्यांनी झाकण उघडलं. चष्म्यावर वाफ धरली, बाकी काही सापडलं नाही.

अर्ध्या तासाने शिपाई धोंडू किटली घेऊन दारातून आत आला.

"थांब! किटलीत काय आसा?"

"चाय."

"गरम?"

"थंड चाय पितास तुमी? तुमकाच हाडलंय."

मास्तरांनी चहा घेतला, पण धोंडूची पाठ वळताच डब्याचं झाकण उघडून पाण्याला चहाचा रंग आला नाही ना, ते पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात अक्षया मीठ लावून आवळे खात बसली होती. जिचं नशीब डब्यात थंड होतंय, तिने आवळे खावेत? कुठेतरी पाणी मुरतंय! झाकण तिसऱ्यांदा निघालं. चौथ्यांदा तर कारणही नव्हतं. गवत दिसलं आणि हात गेला.

मग आठवीचा तास आला. मास्तर दारापर्यंत गेले, परत आले.

"बाई, पेटीवर नजर ठेवा. कोणाक हात लावूक देव नकात."

"जा हो तुम्ही निर्धास्त," बाई म्हणाल्या. "मी इथेच आहे."

तास संपवून मास्तर धावत आले आणि बाईंच्या देखत पाचव्यांदा झाकण उघडून खात्री करून घेतली.

एक वाजला. अक्षया आणि धोंडूही टेबलाशी आले. तापमापी बुडाली. एकसष्ट! पाकीट फुटलं. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, एकसष्ट!

मास्तरांच्या अंगावर काटा आला. "खरां सांग. तुका कोणी सांगलां?"

"हिशोब केलंय, सर. झाकण बंद रवलां तर तीन तासांनी त्र्याहत्तर. घराकडे तीन वेळा करून बघलंय. झाकण एकदा काढल्यार दोन अंश जातत. सहा वेळा काढल्यार बारा. उरले एकसष्ट."

"आणि सहा वेळा झाकण काढतलो कोण?"

अक्षयाने मान खाली घातली. "सर, तुमी आमच्या शेजाराक रवतास. आंब्याची अढी घातल्यार अर्ध्या अर्ध्या तासान गवतात हात घालतास. काकी रोज आरडतत, आंबे पिकण्याआधी ह्येंच्या हातान दबतत म्हणान."

सत्यवतीबाई खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. धोंडूने हसू लपवायला किटली तोंडापुढे धरली.

मास्तर मात्र बोटं मोजत होते. थर्मास एक, चाय दोन, आवळे तीन, उगाच चार, तासानंतर पाच. त्यांचा चेहरा उजळला. "पाच! मी पाचच वेळा उघडलंय! तुझो हिशोब चुकलो!"

"सर, चिठ्ठी परतून बघा."

मास्तरांनी चिठ्ठी उलटली. मागे बारीक अक्षरात होतं: 'सर ५, मोठ्या बाई १.'

बाईंचं हसू अर्ध्यावरच अडकलं. "बाईंच्या घराकडेय अढी असता, सर," अक्षया हळूच म्हणाली. मास्तरांनी बाईंकडे नीट पाहिलं. त्यांच्या पदराच्या निऱ्यांत गवताची एक काडी ऐटीत उभी होती.

"मी फक्त... थर्मास नाही ना, एवढंच बघितलं," बाई पदर झटकत म्हणाल्या. "तुम्ही वर्गात होतात. कोणीतरी बघायला नको? ते जाऊ द्या. अक्षया, तुझी पेटी जिल्ह्याला जाणार. आणि सदानंद सर, सोबत ती चिठ्ठी जोडायची काही आवश्यकता नाही."

"छे छे, कित्याक जोडूची?" असं म्हणत मास्तरांनी चिठ्ठीची व्यवस्थित चौघडी केली आणि आपल्या वरच्या खिशात ठेवली.

त्यानंतर शाळा सुटेपर्यंत सत्यवतीबाई त्या खिशाकडे संशयाने बघत होत्या.