मिरच्यांतला बाण

आमचे शेजारी सुपडूआप्पा म्हाताऱ्या माणसाला रामराम घालत नाहीत. थेट विचारतात, "एकाहत्तरनी लढाईमा, ब्लॅकआउट व्हता तवय, तुम्ही कोठे व्हतात?" माझ्या मुलाच्या सोयरिकीला पाहुणे आले, तेव्हा नवरीच्या आजोबांची अशीच उलटतपासणी झाली. आजोबांचा चहा बशीतच निवला. तरी सोयरीक जमली, कारण सोबत आलेली नवरी आत पोट धरून हसत होती.

आप्पा पंखे आणि मोटारी दुरुस्त करतात. पोलिसात कधीच नव्हते, पण त्यांच्याकडे एक केस आहे. त्या लढाईत नंदुरबारलाही विमानांची धास्ती होती. पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या माळावर, तिथल्या पाण्याच्या टाकीवर चढलेल्या कुणाला तरी मिरच्यांत बाण दिसला. मिरच्या बाजूला सारून केलेला, टोक रेल्वे स्टेशनकडे. झालं, शत्रूच्या विमानाला खूण केली म्हणून बोंब उठली. त्या दिवशी तिथं आप्पांची आई कामाला होती. सिद्ध काही झालं नाही, पण काम गेलं आणि मरेपर्यंत लोक तिला 'बाणवाली' म्हणत राहिले. तिला विचारलं तर म्हणायची, "कसाना बाण? मी ते काही देखं नही."

"मी बी तठेच व्हतू," आप्पा सांगतात. "पथारीना कडले, निंबले बांधेल झोळीमा. मौकावरना साक्षीदार. पन काय कामना, बोलताच ये नही."

आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून याला जन्मताच सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं.

आजवर आप्पांनी एका व्यापाऱ्यावर, एका बँडवाल्यावर आणि एका बैलावर संशय घेतला. बैल निर्दोष सुटला. जुन्या मजुरांना शोधत ते पार डोंगरातल्या मोलगीच्या बाजारापर्यंत जाऊन आले. आईच्या नावावरचा डाग पुसायला माणूस अख्खं आयुष्य लावतो, हे बघून मला तर थक्क व्हायला होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी आमच्या गच्चीवर पोतंभर मिरची पसरली आणि तपासाला पाण्याच्या टाकीवर चढले. सगळी गल्ली शिंकायला लागली. गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात झोळीत माझी नात निजली होती, ती ठसक्यानं उठून रडायला लागली. सून धावली. मालावर पाय कसा द्यायचा, म्हणून पायानं मिरच्या दोन्हीकडे सारत गेली. झोळीपाशी पोचल्यावर तिथल्या मिरच्या तिनं भराभर लांब लोटल्या, बाळाला आणखी ठसका नको म्हणून.

आप्पा टाकीवरून उतरेनात. मी शिडी चढलो आणि त्यांच्या शेजारून खाली पाहिलं.

मिरच्यांत बाण होता. लांब दांडी, आणि झोळीपाशी रुंद टोक.

आप्पा रडत होते आणि मधेच शिंकत होते. "माय कव्हय टाकीवर चढेल नव्हती," ते म्हणाले. "तिले कसा दिसी?" मग त्यांनी माझा हात धरला.

"भाऊ, सगळासले सांगजो. तो बाण टेसनकडे नव्हता. मन्हाकडे व्हता."

म्हणून तुम्हालाही सांगतोय.