लहान ट्रॅक्टरापायी ताजीम मोडली, त्या मोहिमेची हकीकत

॥ श्री ॥

थोरल्या लेकीने फोनावर पृच्छा केली की, "आई, त्या ट्रॅक्टरचं नेमकं झालं तरी काय? काका एक सांगतात, दादा दुसरंच सांगतो," म्हणोन हे वर्तमान आदीपासून अंतापर्यंत यथास्थित लिहिले असे. आमची शाळा चौथीत आटोपली, परंतु डोळे शाबूत आहेत, आणि जे समक्ष पाहिले ते लिहिले, आणि जे आमच्या पाठीमागे घडले तेही लिहिले, कारण या घरात आम्हांस नकळत पातेल्यावरचे झाकणसुद्धा हलत नाही. दिरांनी जे सांगितले ते ऐकीव समजावे.

तर हकीकत ऐसी. आमच्या संत्र्यांच्या बागेत दोन ओळींमध्ये अंतर बेताचे, आणि मोठा ट्रॅक्टर आत शिरला तर दोहों बाजूंच्या फांद्या मोडून बाहेर येतो, सबब थोरल्या चिरंजिवांनी मसलत करून लहान चणीचा नवा ट्रॅक्टर दाखल केला. उंची आमच्या खांद्याइतकी, आवाज मात्र दहा जणांचा, आणि पाठीशी माती उलथविणारा रोटाव्हेटर जोडिलेला, त्याची पाती पाहोन घरचे मांजर तीन रोज अंगणात उतरले नाही. मोहीम ऐशी मुक्रर जाहली की, कालव्याचे पाणी दहाव्या रोजी सुटणार, त्याअगोदर चाळीस ओळींतील गुडघाभर तण कापून माती मोकळी करावी. न केल्यास पाणी तणच पिऊन बसेल आणि फळ सुपारीएवढे राहील.

चिरंजीव फौजेचे सरदार, सूनबाई डिझेलाच्या आणि पाण्याच्या कुमकेवर, आणि थोरले भावोजी, म्हणजे आमच्या मालकांचे वडील बंधू, हे देखरेखीस नामजाद. मालक गेल्यापासून बागेत शब्द त्यांचा आणि घाम आमचा, ऐसा बंदोबस्त आहे. ते भल्या सकाळीच विहिरीपाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसत आणि दुपारपर्यंत खुर्चीसह सावली धरून सरकत. त्यांच्याशी आम्ही थेट बोलत नाही, मधल्या माणसाकरवी बोलतो, आणि ते दिसले की बेचाळीस वर्षे उठून उभ्या राहतो. वडील माणूस दिसता धाकट्याने जागेवरून उठावे, यास जुन्या दरबारी ताजीम म्हणत. आम्हीही ती आमच्या लेकरांस कान पिळून शिकविली आणि जेवढा मान दिला तेवढा वसूल केला.

पहिल्या रोजी ट्रॅक्टराने दोन ओळी लीलया मारिल्या. दहाच्या सुमारास आम्ही नित्याच्या फेरीस निघालो. ही फेरी आमची नव्हे, बागेची आहे. ही झाडे हातभर होती तेव्हां आम्ही कळशीने पाणी घातले, आणि कोणते झाड आजारी, कोणते नुसते ढोंगी, हे आम्हांस पानावरून कळते. तर आम्ही बांधावर पाऊल ठेविले आणि ट्रॅक्टर एक हिसका देऊन ठार बंद. चिरंजीव उतरले, डिझेल पाहिले, भरलेले होते. किल्ली फिरविली, हूं की चूं नाही. मग घामाघूम होऊन या दांड्या पुढे, त्या दांड्या मागे ऐसे केले, आणि आम्ही कंटाळून घरी परतलो, आणि आमची पाठ फिरते न फिरते तोच ट्रॅक्टर सुरू.

दुसऱ्या रोजी आम्ही गेलो, बंद. परतलो, सुरू. तिसऱ्या रोजी दोन वेळा गेलो, दोन्ही वेळा बंद. तेव्हां चिरंजिवांनी यंत्रास वेढा दिला. डिझेलाचा फिल्टर खोलला, नळ्या तोंडाने फुंकिल्या आणि तोंड डिझेलाचे करून घेतले, इंजिनाने हवा धरली असेल म्हणोन हवा काढिली, बॅटरीची टोके घासून चांदीसारखी केली. इतके करून चौथ्या रोजी आम्ही बांधावर आलो, आणि बंद.

तेव्हां खुर्चीवरून भावोजींचा हुकूम सुटला, आम्ही चार हातांवर उभ्या असता, आमच्याच लेकाकडे तोंड करून. "तुझ्या आईला सांग, काम होईपर्यंत बागेकडे फिरकू नको म्हणावं. ती आली की यंत्र बसतं. चार दिवस मी डोळ्यांनी बघतोय."

चिरंजीव म्हणाले, "काका, असं कुठं असतं का?"

"मग दाखव चालवून!"

ते दाखविता येईना. तेव्हां चिरंजीव खाली मान घालून आम्हांस म्हणाले, "आई, सहाच दिवस. पाणी सुटेपर्यंत." जी बाई बोलण्यात कधी हरली नाही ती न बोलता बांधावरून घरी आली, याची नोंद येथे करणे प्राप्त आहे.

त्याच दुपारी मिस्त्री आला. त्याने यंत्र बागेत फिरविले, पळविले, उलटे चालविले, आणि आम्ही घरात असल्याने ते शहाण्यासारखे चालले. मिस्त्री म्हणाला, "दादा, मशीन ठणठणीत आहे. बंद पडतं तेव्हा तुम्ही काय करत असता?"

चिरंजीव म्हणाले, "काही नाही. नुसता बसलेला असतो."

आणि हे तो खोटे बोलला नाही. त्याच्या हिशेबी तो खरोखर काहीच करीत नव्हता.

मग पाचवा आणि सहावा रोज आम्ही स्वयंपाकघराच्या मागील खिडकीत मोर्चा धरून बसलो. ट्रॅक्टर दिवसभर न थांबता चालला. कामाचा आनंद व्हावा ऐसा प्रसंग, परंतु तो एकदा तरी बंद पडावा म्हणोन आम्ही मनोमन वाट पाहिली, आणि पडला नाही, आणि त्याचे आम्हांस दुःख जाहले, हे खरे असल्याने लिहितो. आपण लावलेल्या झाडांस आपलाच पाय सोसवत नाही, हे ज्यास ऐकावे लागले त्यानेच समजावे. सूनबाईने ताट आणून ठेविले आणि काही न बोलता गेली. तिचे हे न बोलणे आम्हांस संशयास्पद वाटले.

सातव्या रोजी चिरंजीव डिझेल आणावयास गेले, भावोजी खुर्चीत मान टाकून घोरत होते, आणि ट्रॅक्टरावर सूनबाई होती. आम्ही विचार केला की बंदी घालणारा निजला असता बंदीही निजलेली धरावी, आणि पदर खोचून बांध ओलांडला. सूनबाईने आम्हांस पाहिले. नीट पाहिले. आणि उठली नाही.

ती या घरात आल्यापासून बारा वर्षांत ऐसा प्रकार नाही. आमच्या मस्तकात तिडीक गेली. आम्ही ट्रॅक्टराच्या बाजूने चालू लागलो आणि इंजिनाच्या वरताण ओरडलो, "अगं, मी आलेय!"

"दिसलं, आई!"

"दिसलं ना? मग?"

"मग बसलेय!"

"फार छान! आजपासून हीच रीत का?"

"एवढी ओळ संपू द्या, आई!"

तिची मान ताठ, नजर ओळीवर. आम्ही ती ओळ संपेपर्यंत तिच्या सात पिढ्यांचा समाचार घेत चाललो, मग ट्रॅक्टर वळला, आणि दुसरी ओळ लागली, आणि तीही निम्मी जाहली, तेव्हां शब्द संपले म्हणोन आम्ही दम घेतला. आणि दम घेताना ध्यानी आले की आम्ही इतका वेळ इंजिनावर ओरडत आहोत, म्हणजे इंजिन चालू आहे.

आम्ही तेथे हजर होतो. यंत्रही हजर होते. फक्त ताजीम नव्हती.

आम्ही म्हटले, "ऊठ." तिने रोटाव्हेटर फिरताच ठेवून आसनावरून जरासे अंग उचलिले, आणि ट्रॅक्टर एक हिसका देऊन ठार बंद.

शांतता जाहली तसे भावोजी जागे जाहले आणि ओरडले, "बघा! आली आणि बसलं! सांगितलं नव्हतं?" इतक्यात चिरंजीव डिझेलाचा कॅन घेऊन पोहोचले. आम्ही त्यांस म्हटले, "काकांना सांग, खालच्या टोकाचा पाण्याचा व्हॉल्व्ह बघून या म्हणावं. गळतोय." भावोजी कुरकुरत गेले. मग चिरंजिवांस यंत्रावर बसविले आणि फर्माविले, "माझ्याकडे बघू नकोस. चालव." रोटाव्हेटर फिरू लागला, माती उडू लागली, आम्ही चार हातांवर कमरेवर हात देऊन उभ्या, आणि यंत्र चालू. मग झाडांमागून भावोजी काठी टेकीत परत आले, आणि काका दिसताच आमच्या गुणी लेकाने नकळत आसनावरून अंग उचलिले.

बंद.

आम्ही चिरंजिवांकडे तोंड करून म्हटले, "काकांना विचार, आता ह्यांनाही बागेत यायची बंदी करायची का?"

भावोजींनी व्हॉल्व्ह गळत नसल्याचे सांगितले.

मग मिस्त्रीस फोन केला. तो म्हणाला, "काकू, सीटखाली स्विच असतो. रोटाव्हेटर फिरत असताना माणूस उठला की इंजिन बंद, आणि रोटाव्हेटरची दांडी मागे घेतल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. त्रास होत असेल तर वायर जोडून स्विच बाद करून देतो, दोन मिनिटांचं काम." आम्ही पुसले की, मग हा स्विच ठेविला कशास. तो म्हणाला, "चालवणारा खाली पडला तर पाती थांबावीत म्हणून."

आम्ही पात्यांकडे पाहिले आणि चिरंजिवांच्या पायांकडे पाहिले. मग येणेप्रमाणे जाबता जारी केला: स्विच आहे तैसा राहील, यंत्रावर बसला असेल त्याने कोणी कितीही वडील आले तरी उठू नये, उठल्यास कान पिळण्यात येईल, जमिनीवर असेल त्याची ताजीम पूर्ववत. बेचाळीस वर्षांचा मान आम्ही सीटखालच्या एका स्विचेपुढे उतरविला, आणि उतरविताना आवाज होऊ दिला नाही.

एक बारीक मजकूर राहिला. संध्याकाळी डाळीचा डबा काढिला तो त्यामागे ट्रॅक्टराचे माहितीपुस्तक सापडले, स्विचेच्या पानाचा कोपरा दुमडलेला. सूनबाई मास्तरीण होण्याइतकी शिकली आहे. सासूस तोंडाने सांगणे तिला जमले नसेल, म्हणोन तिने बसून सांगितले. आम्ही पुस्तक होते तेथेच ठेविले आणि तिच्या पानात तुपाचा आणखी एक चमचा वाढिला. तिने वर पाहिले नाही, आम्हीही पाहिले नाही.

नवव्या रोजी एकोणचाळीस ओळी फत्ते जाहल्या. चाळिसावी आम्ही आमच्याकरिता राखून ठेविली. दहाव्या रोजी पाणी सुटण्याअगोदर सूनबाईने आम्हांस दांड्या समजाविल्या, आम्ही पदर खोचून आसनावर बसलो, आणि आमच्या वजनाखाली तो स्विच ऐसा दबला की त्याची शंकाच उरू नये. भावोजी त्या दिवशी उशिरा आले, ओळ निम्मी जाहली तेव्हां. समोर येऊन थांबले. काठी टेकिली. एकदा खाकरले. मग दुसऱ्यांदा खाकरले.

बेचाळीस वर्षांत प्रथमच आम्ही मध्ये माणूस न घालता त्यांच्याशी बोललो.

"उठले असते, भावोजी. पण बंद पडतो."

भावोजी बाजूस सरकले. आम्ही ओळ पुरी केली आणि पाठोपाठ पाणी आले. चाळीस ओळी, दहा रोजांत, यंत्रास इजा नाही, माणसास इजा नाही, साक्षीस सूनबाई आणि चिरंजीव, दोघेही उभे. ऐशी फत्ते जाहली ती येथे लिहून ठेविली. ओळ संपल्यावरही आम्ही आसनावर अंमळ बसून राहिलो, काम काही नव्हते, आणि इंजिन चालू होते.