मलकापूरचा उजेड

लग्नाचा व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लागला आणि चिमणाबाईंचा घास हातातच राहिला. मलकापूरची, म्हणजे नातसुनेकडची माणसं आत्ता न्हाऊन आल्यासारखी लखलखत होती. चित्र आपल्या वरातीवर आलं की कोल्हापूरकर सगळे आठवडाभर चुलीवर टांगून ठेवल्यागत.

"सम्राट, आपलीच माणसं अशी का रं बुरसाटली?"

"आजी, त्यांचं शूटिंग नव्या फोनवरचं, एचडीआर हाय, उजेड जास्त पकडतंय. आपलं कृष्णातकाकाच्या जुन्या क्यामेऱ्यावरचं."

रविवारी मलकापूरचे पाहुणे जेवायला आणि हाच व्हिडिओ बघायला येणार होते. विहीण बनाबाईंपुढं आपलं घराणं असं मळकं दाखवायचं? चिमणाबाईंनी नवरदेवाचा फेटा पिशवीत घातला आणि व्हिडिओ जोडणाऱ्या तोहिदचं दुकान गाठलं. फेटा त्यांनी सरळ कॉम्प्युटरच्या पडद्याला लावून धरला.

"ह्यो फेटा, आन् त्यो तुझा. एकच हाय म्हणशील?"

"आजी, जुन्या क्यामेऱ्याचा उजेड थोडक्यात संपतो, नव्याचा लांब जातो. एका व्हिडिओत घातलं की जुनं फिकं पडतं. दोन्हीकडचा पांढरा रंग एका पातळीवर आणतो, मग समदी सारखी दिसतील."

"सारखी कशाला? आमी वरपक्ष हाय. वाढीव उजेड."

तोहिदनं वाढवला. फेटा पेटला.

"आनि वाढीव."

"सयाजीमामांचं नाक गेलं, आजी. नुसत्या मिशा राहिल्या."

"जाऊ दे. पंगतीत रुसून बसलेलं नाक ते. वाढीव. आन् मलकापूरला ह्यातलं काय कळू द्यायचं न्हाय, सांगून ठेवते."

तोहिदनं बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

रविवारी पाहुणे टीव्हीसमोर बसले. वरात आली. कोल्हापूरकर पिठाच्या गिरणीतनं निघून विजेच्या खांबाला चिकटल्यासारखे दिसत होते. चिमणाबाईंच्या गळ्यातला साज वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखा उडत होता. त्यांनी मान ताठ करून विहिणीकडं पाहिलं. मग मलकापूरकर आले. अंधूक, करडे, दुखवट्याला निघाल्यासारखे.

चिमणाबाई चपापल्या. "विहीणबाई, तुमच्या माणसांचा उजेड कुठं गेला ओ?"

बनाबाईंनी पदर सावरला. "मीच घालवला की. तोहिदनं आधी फोनवर धाडलेला व्हिडिओ बघितला, तर आमची माणसं लई भडक दिसत हुती, बँडवाल्यांगत. तुमची कशी सोज्वळ, घरंदाज. तोहिदला फोन करून म्हटलं, आमास्नी त्यांच्यासारखं कर, आन् त्यास्नी कळू देऊ नको." त्यांनी पडद्यावरच्या नाक नसलेल्या मिशांकडं बोट केलं. "पर तुमी हे असं का केलासा?"

सम्राटनं रिमोट पाठीमागं लपवला.

चिमणाबाईंनी विहिणीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"तुमास्नी आमच्यात परकं वाटू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "चला, पानं घेतल्यात."