तारेत अडकल्या खोडोजीरावांची हकीकत

श्रीभूदेवी समर्थ. शके अठराशे बारा, विकृती नाम संवत्सर, वैशाख मासापासोन एका हरित राज्यी जे वर्तले ते ऐसे. राज्य म्हणजे कुंपणाकाठचे एक झाड. वरती पर्णाबाईसाहेब उन्हात अन्न रांधीत, खाली अंधारात त्यांचे तीर्थरूप मुळाजीबाबा पाणी शोधीत, आणि मध्ये खोडोजीराव सारा भार पेलून उभे. आतील लाकडातून पाणी वर चढवावे आणि सालीतून अन्न खाली उतरवावे, ही त्यांची चाकरी. पेरापेरावर डोळे, म्हणजे न फुटलेले अंकुर, निजलेले; त्यांस शेंड्याचा हुकूम सालीवाटे येई, "आम्ही वाढतो आहों, तुम्ही निजा." वर पाखरे बोलत, खाली गांडुळे, खोडोजींस "कैसे आहां?" ऐसे पुसणारा कोणी नव्हता. जीव फार एकटा पडे.

मग कुंपणवाल्याने एक खांब वाचविला आणि तार झाडासच पिळून बांधिली, आणि वर्षा दो वर्षांत खोडोजी जाडीने वाढले, आणि तार सालीत चहूंकडून रुतली, आणि अन्नाची वाट बंद जाहली. पाणी मात्र आतून चढतच होते. खोडोजींनी वर अर्ज केला, "बाईसाहेब, बाबांस जेवण पोचत नाही." त्या हसोन म्हणाल्या, "आम्ही तर हिरव्यागार आहों! उगाच भिववू नका." खालून बाबा पुसत, "लेकीने आम्हांस टाकिले काय रे?" आणि उत्तर खाली जावयाचे ते अन्नासंगे सालीतूनच, ती वाट तुटलेली. खोडोजी आतल्या आत झुरत राहिले. मग बाबांची साठवण सरली, पाणी चढेना, आणि बाईसाहेब वाळून गळाल्या.

तेव्हां तारेखालच्या पेरावरील साळू, निजलेल्या डोळ्यांपैकी एक, दचकून जागी जाहली. "खोडोजीकाका, फार दिवस निजण्याचा हुकूम आला नाही. उठू का?"

"ऊठ, बाई. लवकर ऊठ."

तिने साल फोडून दोन पाने उघडली, आणि पहिला घास खाली उतरला. बाबा गहिवरले, "आमच्या लेकीने आठवण ठेविली हो!"

आता तारेखालील सालीतून घासासंगे सांगावयास वाट मोकळी होती. खोडोजींनी वर पाहिले, सारे कोरडे. "होय बाबा," ते म्हणाले, "तिनेच धाडिले."

एवंच, तारेखालचे राज्य वाचले, साळूबाईंचा अंमल बसला. बाबा अद्याप पाण्यासंगे लेकीस आशीर्वाद धाडितात, आणि खोडोजी तो तारेपावेतो नेऊन, ऐकणारे कोणी नाही तेथे, रोज सांगतात.