केळ्याची वाफ आणि नोराच्या माश्या

असं समजा, मुलांनो, की तुम्ही एका लाकडी बाकावर बसला आहात. बाक उंच आहे, त्यामुळे पाय लोंबकळताहेत. समोर कोबीचे गड्डे, डावीकडे वीस पावलांवर एक पांढरी मधपेटी, आणि उजवीकडे तीन म्हातारी माणसं तोंडातून ढग सोडत बसलेली. एका ढगाला आंब्याचा वास येतोय, दुसऱ्याला पुदिन्याचा, तिसऱ्याला केळ्याचा. नाक मुरडू नका. या गोष्टीत सगळं काम नाकाचंच आहे.

हा बाक यॉर्कशरमधल्या हेदरलो गावच्या भाजीमळ्यात आहे. तिथे नगरपालिका लोकांना जमिनीचे छोटे छोटे तुकडे लावायला देते. तुकडा जेवढा लहान, तेवढा मालकाचा तोरा मोठा. त्यातल्या नवव्या तुकड्याचा मालक विल्फ हेबलथ्वेट. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर लोकांचे नळ जोडले, आणि त्याहून जास्त जपून स्वतःची मिशी जोपासली. मिशी म्हणजे काय, दोन खारी नाकाखाली पाठीला पाठ लावून झोपल्यासारखी.

त्याच्या शेजारी डेझमंड. जमैकातून तरुणपणी आला आणि चाळीस वर्षं बस चालवली. पलीकडे ग्लेनिस, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. तिच्या हातचं न जेवलेला माणूस गावात नाही. आणि बाकाच्या टोकाला विल्फची नात हॅटी, वय नऊ. शाळेतून आली की आई कामावरून येईपर्यंत ती इथेच असायची.

तिघांनी मिळून सव्वाशे वर्षं सिगारेटी ओढल्या होत्या. शेवटी दवाखान्यातल्या नर्सने तिघांना ओळीने उभं करून झापलं आणि हातात एकेक व्हेप, म्हणजे वाफ ओढायची नळी, दिली. धुराऐवजी वाफ. आता आणखी काय ओढणार, म्हणून तिघं फ्लेवरवर भांडायचे.

"आंबा म्हणे," डेझमंड म्हणाला. "माझ्या आईच्या अंगणातल्या आंब्याने हे ऐकलं तर झाडावरून उडी टाकील."

"मग ओढतोस कशाला?" ग्लेनिसने विचारलं.

"दुकानात दुसरं 'युनिकॉर्नचं दूध' होतं."

"युनिकॉर्न नसतोच," हॅटी म्हणाली.

"तेच मी त्या पोराला म्हटलं. तो म्हणतो, काका, चव असते पण."

"माझा पुदिनाच बरा," ग्लेनिस म्हणाली. "कवळी घरी पेल्यात राहिली तरी दात घासल्यासारखं वाटतं."

हॅटीने एकदा विचारलं होतं, मी ओढून बघू का? तेव्हा डेझमंड म्हणाला होता, "पाय धडधाकट असताना कुबडी कशाला हवी गं तुला?" हॅटीला ते पटलं. तसाही तिला त्या वासाने मळमळायचं. विशेषतः आजोबांच्या, कारण तो केळ्याचा होता, आणि केळं हा जगातला सगळ्यात वाईट पदार्थ आहे असं तिचं ठाम मत होतं. आई रोज डब्यात केळं द्यायची आणि ते रोज डब्यातून तसंच घरी परत जायचं.

आजोबांचं केळं मात्र नवं होतं. विल्फला सिगारेट सोडून वर्ष झालं, त्या दिवशी ग्लेनिसने त्याला भेट दिली: व्हेपमध्ये भरायच्या, बनाना कस्टर्ड फ्लेवरच्या सहा बाटल्या, वर लाल रिबीन.

"शाळेत माझ्या बनाना कस्टर्डसाठी पोरं दुसऱ्यांदा रांगेत उभी राहायची," ती म्हणाली.

विल्फने एक झुरका घेतला आणि त्याचे डोळे मिटले. "ग्लेनिस," तो म्हणाला, "हे फार छान आहे." विल्फच्या तोंडून "फार छान" निघणं म्हणजे दुसऱ्याने शाल-श्रीफळ देण्यासारखं होतं. ग्लेनिस लाजून कोबीकडे बघत राहिली.

आता ती मधपेटी. ती विल्फच्या बायकोची, नोराची. नोरा चार वर्षांपूर्वी गेली. तिकडे माश्या पाळणाऱ्या घरांत एक रीत आहे. घरात कुणी जन्मलं, गेलं, कुणाचं लग्न ठरलं, की पेटीपाशी जाऊन माश्यांना सांगायचं. नाही सांगितलं तर त्या रुसतात. नोरा गेली त्या सकाळी विल्फ पेटीपाशी गेला, टोपी काढली आणि सांगितलं. माश्या गप्प बसून ऐकत होत्या असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. मग रोजच जायला लागला. रोज चहानंतर पेटीच्या दाराशी वाकून दिवसभराच्या बातम्या: गुडघा कसा आहे, डेझमंडच्या भोपळ्याला कीड कशी लागली, हॅटीला गणितात किती मिळाले. जाळीची टोपी नाही, हातमोजे नाहीत.

"माझ्या माश्या कुणाला चावल्या," तो सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "तर मिशी उतरवीन!"

बोलू नये ते माणूस बोलून बसतो, मुलांनो.

ज्या दिवशी कस्टर्ड मिळालं त्याच संध्याकाळी विल्फने माश्यांना एक बातमी दिली. पेन्शनरांची बस स्कारबरोला समुद्रावर चालली होती, दोन दिवसांसाठी, आणि त्याने ग्लेनिसला बरोबर येतेस का विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. हे सांगताना त्याला जरा अवघडल्यासारखं झालं, म्हणून त्याने धीरासाठी एक मोठा झुरका घेतला आणि वाफ सोडत म्हणाला, "नोरा, नुसतीच सहल आहे गं."

एक माशी सरळ त्याच्या कानाला चावली.

चार वर्षांत पहिल्यांदा. विल्फ कान धरून बाकावर आला.

"काय सांगितलंस त्यांना?" डेझमंडने विचारलं.

"स्कारबरोचं."

डेझमंडने वळून पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नोराला राग आलाय."

"काहीतरीच काय."

"मी बस चालवलीय चाळीस वर्षं. रागावलेली बाई मला पाठमोरी ओळखता येते."

विल्फने ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला. माफी मागायची म्हणजे धीर हवा, धीर हवा की झुरका आलाच. त्याने तीन झुरके घेतले आणि चार डंख. तिसऱ्या दिवशी त्याने समजुतीने घ्यायचं ठरवलं, त्यात मानेला तीन. आठवड्याभरात विल्फचं तोंड असं झालं की टपालवाल्याने त्याला ओळखपत्र मागितलं.

"तिची आणि त्यांची नीट ओळख करून दे ना," डेझमंडने सुचवलं. "घरात पाहुणी यायची तर आधी सांगावं लागतं."

म्हणून एका बुधवारी विल्फने ग्लेनिसला पेटीपाशी नेलं. तिने बाहेर जायचा निळा झगा घातला होता. हॅटी आपला अर्धा खाल्लेला डबा घेऊन मागे मागे.

"या ग्लेनिस," विल्फ पेटीला म्हणाला, आणि घसा साफ करायला वाफेचा एक ढग सोडला.

पुढे काय झालं ते बघायला थांबण्याइतका वेळ कुणालाच मिळाला नाही. ग्लेनिस पाण्याच्या पिंपाकडे पळाली. पिंप तिच्या अंदाजापेक्षा खोल निघालं. डेझमंड मदतीला धावला आणि शेजारच्या तुकड्यातल्या घेवड्याच्या मांडवात अडकला. मांडव त्याच्यासकट खाली आला. तो मांडव नेमका भाजीमळा समितीच्या चिटणिसांचा, मिस्टर थ्रॉसेल यांचा. ते त्या वेळी मांडवाच्या पलीकडे घेवडे मोजत होते. एक माशी त्यांनाही भेटून गेली.

ग्लेनिस पिंपातून बाहेर आली. झग्यातून पाणी गळत होतं. "विल्फ," ती हळू म्हणाली, "स्कारबरोचं राहू दे. तिला नाही आवडत, तर राहू दे." आणि ती घरी गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

गुरुवारी थ्रॉसेलसाहेबांचं पत्र आलं. शनिवारी अकरा वाजता ते पेटीशेजारी पाव तास उभे राहणार. तेवढ्या वेळात एकाही माणसाला एकही डंख झाला, तर पेटी मळ्यातून कायमची हलणार.

विल्फ पत्र घेऊन बाकावर बसून राहिला. पेटी गेली तर तो रोज चहानंतर कुठे जाणार होता? हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण डेझमंडने त्याच्याकडे बघितलं आणि आंब्याचं व्हेप खिशात ठेवून दिलं.

हॅटी मात्र विचार करत होती. तिला एक गोष्ट कळत नव्हती.

"आजोबा, आजीला ग्लेनिस आजीचा राग आलाय ना?"

"दिसतंय तसंच."

"मग बुधवारी माश्या ग्लेनिस आजीला एकदाच चावल्या आणि माझ्या डब्यावर दहा-बारा बसल्या. आजीला माझ्या डब्याचा राग का येईल?"

"डब्यात काय होतं?"

"नेहमीचंच. केळं."

विल्फने तोंडातलं व्हेप काढलं. त्याच्याकडे पाहिलं. नातीकडे पाहिलं. मग दोघं मळ्यातल्या अवजारांच्या शेडकडे गेले. तिथे खिळ्याला नोराची वही लटकत होती. चार वर्षं ती उघडायचा विल्फला धीर झाला नव्हता. हॅटीने ती उघडली. मध कधी काढला, राणीमाशी कधी बदलली, सगळं पेन्सिलीने नीट लिहिलेलं. आणि एका पानाच्या कडेला:

'माश्या चिडल्या की एकमेकींना हाक मारतात ती वासाने. तो वास हुबेहूब केळ्यासारखा. पेटीपाशी केळं नको. विल्फला सांगणे.'

"आजी सांगायची विसरली," हॅटी म्हणाली.

विल्फने ती ओळ तीनदा वाचली. मग तो तिथेच उलट्या बादलीवर बसला आणि इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. म्हणजे तीन आठवडे तो रोज पेटीच्या दाराशी जाऊन, माफी मागत मागत, लढाईचा बिगुल वाजवत होता.

त्याने तडक ग्लेनिसचं दार ठोठावलं आणि वही तिच्या हातात दिली. ग्लेनिसने वाचलं.

"म्हणजे तिचा राग नव्हता?"

"नव्हता. तुझं कस्टर्ड होतं."

"माझ्या कस्टर्डला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं," ग्लेनिस म्हणाली. पण तिने स्वतःची पुदिन्याची एक बाटली त्याच्या हातावर ठेवली.

विल्फने कोट धुतला, टोपी धुतली, दोनदा आंघोळ केली. शनिवारी सकाळी तो पेटीकडे निघाला आणि दहा पावलांवर असतानाच दोन पहारेकरी माश्या आल्या. त्या सरळ मिशीवर गेल्या. हॅटीने पुढे होऊन वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मुरलंय, आजोबा. लोणच्यासारखं."

म्हणून अकरा वाजता चित्र असं होतं: थ्रॉसेलसाहेब हातात घड्याळ घेऊन पेटीपाशी, ग्लेनिस आणि डेझमंड त्यांच्या दोन बाजूंना, हॅटी मध्ये, आणि पेटीचा मालक पार कोबीच्या पलीकडे, तोंडावर रुमाल धरून.

"ते तिकडे का उभे आहेत?" थ्रॉसेलसाहेबांनी विचारलं.

"लाजाळू आहे हो," ग्लेनिस म्हणाली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. माश्या आल्या, गेल्या, आपापलं काम करत राहिल्या. थ्रॉसेलसाहेबांच्या खांद्यावर एक बसली, पाय पुसले आणि उडाली. त्यांचा चेहरासुद्धा सैलावला. "मला वाटतं हरकत नाही," ते म्हणाले, आणि पेन काढायला खिशात हात घातला.

पेनच्या आधी खिशातून एक पिवळंधमक केळं निघालं.

"डॉक्टरांनी सांगितलंय, रोज अकराला एक," ते म्हणाले आणि देठ मोडायला लागले.

डेझमंडने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिसने विल्फकडे पाहिलं. खरं सांगावं तर साहेब म्हणणार, केळ्याने चवताळणारी जनावरं मळ्यात नकोतच. न सांगावं तर अजून चार मिनिटं बाकी. कोबीपलीकडे विल्फने रुमालाआड डोळे मिटले.

"मिस्टर थ्रॉसेल," हॅटी म्हणाली, "मला खूप भूक लागलीय. ते मला देता?"

साहेबांनी पोरीकडे पाहिलं. त्यांनाही नाती होत्या. त्यांनी केळं दिलं.

हॅटीने ते न सोलता हातात घेतलं. ती पळाली नाही, कारण माश्यांजवळ पळायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. ती शांतपणे चालत कंपोस्टच्या ढिगापलीकडे, फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेपर्यंत गेली. साहेब तिच्याकडे कौतुकाने बघत होते, त्यामुळे तिला ते खावंच लागलं. अख्खं. प्रत्येक घासाला तिने डोळे घट्ट मिटले. परत येताना तिने नळावर चार वेळा तोंड धुतलं, साल कचऱ्याच्या डब्यात खोल दाबलं, आणि ती पेटीपाशी पोचेपर्यंत कागदावर सही झाली होती.

साहेब गेले. विल्फ कोबी ओलांडून धावत आला आणि बाकापाशीच थबकला. चार वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी त्याच्या ओठांवर होती. पेटी राहिली. स्कारबरोची बस मंगळवारी. नोराची ओळ सापडली. आणि सांगायला जाता येत नव्हतं.

"तू सांग ना गं त्यांना," तो हॅटीला म्हणाला.

"तुमची बातमी आहे, आजोबा. तुम्हीच सांगायला हवी."

"पण ही मिशी..."

"तीच," डेझमंड बाकावरून म्हणाला. "साहेबांना माशी चावली होती ना रे बुधवारी? कुणीतरी काहीतरी उतरवणार होतं. सगळ्या मळ्याने ऐकलंय."

विल्फने मिशीवर हात ठेवला. ग्लेनिस पटकन कोबीकडे बघायला लागली, पण तिचे खांदे हलत होते.

हॅटी वळली. ती शेडमध्ये गेली, आणि आजीची फुलं कापायची कात्री घेऊन बाहेर आली.